हजेरी

जिनिंग जळून चाळीस दिवस झाले.
भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये सतरंज्या कमी पडल्या.
रिबका गावित, इस्पितळातली नाइट ड्यूटी उरकून आलेली,
चर्चमधलं गाणं धरते, नि मधूनच
नवापूरच्या आजीचा हेल त्यात सोडून देते.

सायबू तडवीचा सॅक्सोफोन
वरातीत कधी असा वाजला नव्हता.
सूर अर्ध्यावर टाकून
तो नुसता श्वास वाजवत राहिला.
मी ताशावर फडकं टाकलं,
बोटांनीच ठेका धरला.

मग ती एकेक नाव गाऊ लागली.
सुपडाबाई. केवळा. हसीना. धाकटी चैताली.
प्रत्येक नावाला सगळा हॉल म्हणे,
आठेच शे.
आठेच शे, माय.

शेवटी तिनं गायलं: झिपरू.

बाहेरून कुलूप लावणारा वॉचमन.
दारात चपलांपाशी उभा होता,
आत येत नव्हता, जातही नव्हता.

कुणीच बोलेना.
मागून मालगाडी गेली, लांबच लांब.
सायबूनं तिच्याच भोंग्याचा सूर उचलला,
दम संपेस्तोवर सोडला नाही.

तेव्हा चैतालीची माय,
मान वर न करता,
सरकी दाताखाली फुटावी तशी म्हणाली:
आठेच शे.

माझा ठेका तिथं चुकला.