अ म्हणजे प्रौढ वजन

दर पंधरा दिवसांनी, कळप सुटायच्या आत,
मी दारव्ह्याहून पहिल्या एसटीनं येते,
बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगते.
पोत्याची झोळी, चार पाय वर,
एक डोळा माझ्याकडे, एक आभाळाकडे.
सतरा नंबर : अकरा किलो तीनशे.
वहीत लिहीपर्यंत ते झोळीतच मुततं.

कासाबाई काटा बघत नाही.
कोकराच्या कण्याला दोन्ही अंगांनी
अंगठा आणि बोट दाबते,
"सव्वा अकरा," म्हणते
आणि तंबाखू मळायला लागते.

सरांनी तीन समीकरणं दिलीत :
ब्रॉडी, लॉजिस्टिक, गोम्पर्ट्झ.
ज्याची चूक कमी, ते आपलं.
रात्री खोलीवर एकेक बिंदू टाकला
की त्यांतून एक रेघ उठते,
आधी घाईघाईनं, आचळाकडे धावल्यासारखी;
मग एका जागी तिचा बाक उलटतो,
चढ असतोच, पण दम सरत आलेला.

पंच्याहत्तराव्या दिवसाचे बिंदू मात्र
सगळेच्या सगळे रेघेखाली बसलेले.
काटा बिघडला का? मी चुकले का?
कासाबाई हसली.
"तवा लगन होतं ना तानबाच्या साळ्याचं.
कळप देल्ला पोट्ट्याच्या हाती,
थे झोपलं पयसाखाली,
अन् मेंढ्या दिसभर हुभ्या."
प्रबंधात मी लिहिलं :
व्यवस्थापनातील तात्पुरता बदल.

गोम्पर्ट्झचं सूत्र मुळात
माणसं कोणत्या वयात किती मरतात
त्या कोष्टकासाठी मांडलेलं होतं.
पुढे कुणीतरी ते जरा वळवून
वाढीला लावलं.
हे मी कासाबाईला सांगितलं नाही.

अ म्हणजे प्रौढ वजन.
माझ्या वहीत अ बरोबर एकतीस किलो दोनशे,
काळ अनंताकडे गेला तर.
या कळपातला एकही नर
अनंताकडे जात नाही.
सातव्या महिन्यात दिग्रसच्या बाजारात जातो,
टेम्पोत, पाय बांधून.
माद्या राहतात. रेघेचं शेवटचं टोक
त्यांच्याच जिवावर उभं आहे.

सतरा नंबरही गेलं.
त्याच्या ओळीत पुढच्या चौकटी रिकाम्या,
संगणकाला त्याचं काही वाटत नाही,
तो त्याची रेघ पुढे ओढतच राहतो.

परवा झोळी गुंडाळताना
कासाबाईनं अचानक विचारलं,
"आता किती भरलं असतं वं पोरी,
थे सतरावालं?"

मी वही काढली. दिवस मोजले. अ, ब, क घातले.
"बावीस किलो चारशे."

तिनं अंगठा आणि बोट
रिकाम्या पोत्यावर दाबलं, जरा थांबली.
"नाई," म्हणाली. "तेवीसच्या वर."