शेरा

विनिफ्रेड थर्केटलनं एकतीस वर्षं
पाकिटांवर शिक्के मारले
नॉरफोकमधल्या एका लहानशा गावात,
जिथं पत्रं कमी, बिटाची शेतं जास्त.
तिच्या शिक्क्यातल्या सातचा पाय तुटला होता.
दर महिन्याच्या सतराला, सत्तावीसला
गावाची तारीख किंचित लंगडायची.
तिनं वर कळवलं, दोनदा.
वरून काही आलं नाही.
मग तो लंगडा सात तिचाच झाला.

आता मंगळवारी, चर्चमागच्या हॉलमध्ये,
हीटर तापेपर्यंत अंगातला कोट न काढता
ती खापऱ्या धूत बसते.
दात घासायचा जुना ब्रश, कोमट पाणी, कालचं वर्तमानपत्र,
आणि ज्यानं त्यानं आणून दिलेल्या पिशव्या:
तळं खणायला घेतलेल्या प्लंबरची,
डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या दोघा भावांची
(त्यांना सोनं हवं होतं),
आणि आयव्हीची, वय वर्षं नऊ, जिच्या कुत्र्यानं
सशाचं बीळ उकरता उकरता
दीड हजार वर्षं उकरली.

लोक खापर फोडायला डोकं शोधतात.
ही बाई खापराला मडकं शोधते.

काळी, जाड, हातानं वळलेली मडकी. चाक नव्हतंच.
आवा म्हणजे एक खड्डा, लाकडं, आणि वाऱ्याची मर्जी.
मातीत कालवलेलं गवत जळून गेलं,
त्याच्या बारीक पोकळ रेघा राहिल्या.
आणि मडक्याच्या खांद्यावरून, ओल्या मातीत दाबत नेलेली
वर्तुळात फुली, वर्तुळात फुली, वर्तुळात फुली.
हरणाच्या शिंगाचं टोक कापून
कुणीतरी कोरलेला ठसा.

बऱ्याच मडक्यांत माणसं होती.
जळून उरलेली, ओंजळभर,
आणि सोबत शिंगाचा इवलासा कंगवा,
केस नसलेल्यांसाठी.

फेब्रुवारीत एकदा तिनं भिंग खाली ठेवलं
आणि म्हणाली, मला कुणीतरी चहा द्या.
प्लंबरच्या तळ्यातली फुली,
आयव्हीच्या कुत्र्याची फुली,
मधे अकरा मैल आणि एक नदी;
दोन्हींची डावी भुजा आखूड,
टोकाशी टवका उडालेला. तोच टवका.

म्युझियममधून आलेला तरुण म्हणाला, घाई नको.
ठसा कुणी मागून नेला असेल,
लेकीला दिला असेल सासरी जाताना,
किंवा मडकंच गेलं असेल होडीतून.
विनिफ्रेड मान डोलवत राहिली.
मग उठून तिनं गेल्या साली भरलेला खोका काढला.
तळाशी, टिश्यूत गुंडाळलेली,
तीच फुली. धडधाकट.

म्हणजे मधे केव्हातरी
एक दिवस होता.
ठसा हातातून निसटला, दगडावर आपटला.
तिनं तो उचलला
(तो की ती, कोण सांगणार; विनिफ्रेड 'ती'च म्हणते),
अंगठ्यानं चाचपला,
काहीतरी पुटपुटली त्या भाषेत
जिच्यातल्या शिव्या कदाचित अजून चालतात इथं,
आणि पुढचं मडकं ओढलं.

साडेसहाला हॉल रिकामा करायचा, बिंगोवाले येतात.
विनिफ्रेडनं घाईघाईनं कार्ड भरलं.
सापडल्याचं ठिकाण. सापडवणारा: कुत्रा, खोडून, आयव्ही.
काळ: पाचवं शतक, किंवा सहावं.
शेऱ्याच्या रकान्याशी पेन जरा थबकलं,
मग टपालखात्याच्या नीट, उभ्या अक्षरात:
शिक्का सदोष.
वापर चालू.