दोन्हीकडचा मालक

सकाळी सहाला चुन्याची गाडी ढकलतो
सातपूरच्या मैदानावर. दोरी ताणून धरायला
अब्राहम असतो, आमच्या गोलकीपरचा पोरगा.
पेनल्टीचा ठिपका बारा पावलांवर;
हल्ली माझी चौदा पडतात.

उगलेशेठनं आधी आमचा क्लब घेतला,
पाठोपाठ देवळाली कॅम्पचाही.
पोरांना पगार सुरू झाला, खिळ्यांचे बूट,
दुखऱ्या गुडघ्याला बर्फ.
खोटं कशाला बोलू?
त्याची पतपेढी मात्र जेलरोडला अजून सीलबंद,
आत ताईचे पैसे,
प्रेसमध्ये एकतीस वर्षं
कोऱ्या करकरीत परक्या नोटा मोजून साठवलेले.
'समोर आला की विचार,' म्हणाली.

फायनलला दोन्ही संघ त्याचेच.
सोफा बरोबर मधल्या रेषेवर मांडलेला,
म्हणजे माझ्याच रेषेवर.
इकडे गोल झाला, टाळ्या.
तिकडे झाला, तेवढ्याच टाळ्या.
हरायची जागासुद्धा
त्यानं विकत घेऊन ठेवली होती.

शेवटच्या मिनिटाला अब्राहमच्या बापानं
पेनल्टी अडवली आणि मी ओरडलो,
घसा फाटेस्तोवर. टोपी कुठं गेली कळलं नाही.
तेवढ्यात शेठ जवळ आला,
माझा हात हातात घेतला,
'लाइनी झकास मारता, काका.'
मग रुमालानं तळवा पुसला.

रात्री ताईनं दार उघडलं.
'विचारलंस?'
मी उंबऱ्यावर बसून बूट काढले.
दोन्हींतून चुना सांडला.