रिकामा रकाना

इटलीहून आलेला माणूस
गाडीखाली उताणा पडून चेसिसचा नंबर वाचत होता,
टॉर्चच्या उजेडात, ओठ हलवत,
पोथी वाचावी तसा.

त्याच्याजवळ एक वही. गाडीची कुंडलीच.
मोदेनाच्या एका शेडमध्ये जन्म.
सात बहिणी. तीन जळाल्या, एक जहाजाबरोबर बुडाली,
एक संग्रहालयात, एकीचा पत्ता नाही,
आणि ही.
डोंगरातल्या शर्यतीत चौथा नंबर,
मग बोट, मग मुंबई बंदर,
मग एकच ओळ –
१९५९ नंतर : माहिती नाही.

मी शेजारीच उभा होतो.
मला कुणी विचारलं नाही.

माहिती अशी आहे, की
हिंदुराव सरकारांनी जहागीर गेल्याच्या दुःखात ती आणली
आणि पन्हाळ्याच्या घाटात एका पहाटे
म्हशीला वाचवायला धोंड्यावर घातली.
म्हैस वाचली. रेडिएटर फुटला.
थांबणं सरकारांच्या रक्तात नव्हतं,
तशीच रेमटवत कोल्हापुरात आणली. हेड तडकलं.

इटलीला पत्र गेलं. पाच महिन्यांनी उत्तर :
कारखाना बंद आहे, क्षमस्व.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांनी
ते हेड मांडीवर घेतलं, ताप आलेल्या पोरासारखं.
नखानं वाजवलं.
“अल्युमिनच हाय. आपल्या पातेल्यांचं भावंड.”

साचा माझ्या बापानं सागवानात कोरला, सव्वा महिना.
मी दहा वर्षांचा, वाळू चाळायला.
नदीची वाळू, आणि ती धरून ठेवायला
गुऱ्हाळावरची काकवी.
तीन ओतली, तिन्ही फुटली.
चौथं शुक्रवारी, नमाजानंतर.
निवेपर्यंत कुणी बोलायचं नाही,
आणि मिस्त्री चहाला शिवले नाहीत.

त्याआधी, जिथून पाणी वाहतं
त्या आतल्या अंधाऱ्या वाटेच्या वाळूत
त्यांनी माझं बोट धरून एक अक्षर काढलं.
उलटं काढ म्हणाले, ओतल्यावर सुलटं येतं.

सरकार गेले. गाडी देण्यापोटी रायचंद शेठकडे गेली,
शाहूपुरीच्या वखारीत, गुळाच्या रव्यांमागे.
कार्बोरेटरात मुंग्या नांदल्या.
एका हंगामात वडणग्याच्या गुऱ्हाळाचं इंजिन बसलं,
तोडलेला ऊस वाळायला लागला,
तेव्हा मिस्त्रींनी हिचं काळीज उतरवलं
आणि चरकाला जुंपलं.

सतरा दिवस.
डोंगर चढलेलं इंजिन बैलाच्या चालीनं चाललं.
कुरकुरलं नाही असं नाही. लई कुरकुरलं.
बायका कानात बोटं घालून चिपाडं वाळवत होत्या,
आम्ही पोरं रस पीत
धुराड्यातला निळा जाळ बघत होतो.
त्या वर्षीच्या गुळाला पेट्रोलचा वास होता.
सौद्यात दोन रुपये खाली गेला.

वहीत यातलं काही नाही.

आज त्या माणसानं एक बारीक वायर आत सोडली,
वायरीच्या टोकाला डोळा.
पडद्यावर अंधार, गंज, मग एक वाकलेली उंच रेघ.
हेड मूळचं नाही, तो म्हणाला,
किंमत उतरणार.
(कोल्हापुरात तिची किंमत कायम उतरतच आली.)
मग पडद्यावर बोट ठेवून :
हा काय, ओतकामातला दोष?

मी म्हणालो, द.
तो म्हणाला, द.
जीभ नेमकी दातांना लावून, आमच्यासारखाच.
साहेबांना हा द कधी जमला नव्हता.

त्यानं पेनाचं टोपण काढलं,
रकान्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही.

मिस्त्री असते तर त्यांनी वहीत डोकावलंही नसतं.
एवढंच विचारलं असतं,
पाणी गळतं का रे?

नाही गळत, मिस्त्री.
साठ वर्षं झाली.