मागणी

सर्वेश, तुझा मेसेज शिडीवर वाचला,
एका हाताने.
"मामा, बारावी झाली. सध्या कशाला मागणी आहे?"

मागणी.
हा शब्द आमच्या घरात आधी तुझ्या आईसाठी आला, लांज्याहून.
दोन वर्षांनी माझ्यासाठी, सोहारहून.
दोन्ही वेळा आजोबांनी चहा ठेवायला सांगितला
आणि दोन्ही वेळा
आम्हाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

तुझे आजोबा पेंटर. देवरुखातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या.
"वैभव क्लॉथ स्टोअर्स"मधला व
ते एका दमात काढत, ब्रश न उचलता.
एका मे महिन्यात एसटी स्टँडसमोर फ्लेक्सचं मशीन आलं,
दिवाळीपर्यंत घरातला टर्पेंटाइनचा वास गेला.
कुरकुर नाही केली. डबे घासले, पालथे घातले,
आयटीआयचा फॉर्म आणला
आणि ट्रेडच्या रकान्यात, त्याच देखण्या अक्षरात,
माझ्यासाठी लिहिलं: रेफ्रिजरेशन.
म्हणाले, "उकाड्याला काही मशीन निघत नाही."

खरं निघालं.
मी आलो तेव्हा हायवेच्या एका अंगाला बंदर होतं,
दुसऱ्या अंगाला बोरीबाभळीसारखं काहीतरी आणि शेळ्या.
आता तिथे मॉल, दवाखाना, बँक, मॉल.
शहर वाढतं ते लोकांना रस्त्यावरून दिसतं.
मी गच्चीवरून मोजतो,
कॉम्प्रेसरमध्ये.

जुलैत पाना फडक्याशिवाय धरवत नाही.
खाली बँकेत बाई खांद्यावर शाल घेऊन बसतात.
कागदावर सही घ्यायला मी आत जातो,
चार मिनिटं.
पेन सापडत नाहीये असं करून कधी कधी पाच.

मागच्या वर्षी कंपनीने हाताखाली हुमैद दिला.
शिनासचा पोरगा, बाप मासेमार,
म्हणून गाठी अशा मारतो की मलाच सुटत नाहीत.
विचारलं, हेच का निवडलंस?
"मास्तर म्हणाले, मतलूब. वाजिद मतलूब."
म्हणजे फार मागणी आहे.
मी म्हटलं, आमच्याकडे तलब असते, चहाची.
त्याला वाटलं मी चहा मागतोय.
दोन करक घेऊन आला, पळत, झाकण न लावता.

शिबू फोरमन जिन्यात हळूच म्हणाला,
त्याचं सर्टिफिकेट झालं
की तुझा व्हिसा पुढे सरकणार नाही. जागा एकच आहे.
त्या रात्री माझ्या मनात आलं ते तुला सांगतो,
आईला सांगू नकोस:
पोराला गेज थोडं चुकीचं वाचायला शिकवावं.
थोडंच. कुणाला कळलं नसतं.

सकाळी गच्चीवर पोचलो तर तो आधीच आलेला,
माझा पाना सावलीत ठेवून.

मग स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला लावलं,
मूठ त्याच्या कानाला.
म्हटलं ऐक. बेअरिंग जायच्या आधी असं कण्हतं.
हे पुस्तकात नाही.
त्याने डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच होता.
मग मार्करने मशीनवर तारीख घातली, खाली नाव,
उजवीकडून डावीकडे,
एका दमात,
मार्कर न उचलता.
पत्र्यावर ते अक्षर वाळेपर्यंत
मी काही बोललो नाही.

तर मागणी.
एसीला आहे. वेल्डरला आहे. नर्सला कायमच.
तुझ्या मित्राला सांगायचं तर एवढं पुरे.
तुला सांगायचं तर मला ठाऊक नाही रे.
फॉर्म आण, पण ट्रेडचा रकाना कुणाला भरू देऊ नकोस,
मलासुद्धा.

फेब्रुवारीत येतोय, बहुतेक सामानासकट.
तोवर एक काम कर.
माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा सात नंबरचा ब्रश असेल,
फडक्यात बांधलेला.
केस कडक झाले असतील.
रॉकेलमध्ये बुडवून ठेव.