उतार

एकतीस वर्षं मी लोकांची बिलं तपासली,
लाल शाईनं. सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत
माझ्या टेबलाला ठेकेदार वळसा घालून जात.
म्हणून मानेवाड्यातल्या घरचं बाथरूम
नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा
सिमेंटच्या आधी आणली दोनशे पानी वही.

शालिक पौनीकर वही ठेवत नाही.
कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर लिहितो
आणि त्याच भिंतीला प्लास्टर करतो.
"हिशोब गेला ना जी आत," म्हणतो नि हसतो.
मी हसले नव्हते.

सिमेंट सहा पोती. रेती कन्हानची.
टाइल इतवारीतून, अकरा पेट्या, एक फुटकी, बदलून घेतली.
मिस्त्री समारू, बिलासपूरकडचा,
ऐन मे महिन्यात गुडघ्यांवर सरकत टाइल बसवायचा.
एकदा कूलर त्याच्याकडे वळवला होता,
वेळ दुपारी अडीच ते चार.
तेही वहीत आहे.

काम झालं. मी बादली ओतली.
पाणी जरा वेळ थांबलं,
चौकात नवखा माणूस थांबतो तसं,
मग जाळीकडे पाठ करून
वॉशिंग मशीनखाली जाऊन बसलं.

"साडेआठ हजार थांबतील," मी म्हटलं.
"थांबू द्या," म्हणाला नि गेला.

अकरा दिवस फोन नुसता वाजे.
शेजारच्या खोब्रागडे वहिनी म्हणाल्या,
"सगळे असेच. पैसे अडवले, बरं केलंत."
मलाही बरंच वाटलं. अडवलेल्या पैशाला
पर्समध्ये एक ऊब असते,
सेहेचाळीस डिग्रीतही.

बाराव्या दिवशी सक्करदऱ्याच्या ठिय्यावर
समारू दिसला. पिशवीत थापी,
दहा वाजत आलेले, अजून कुणी नेलेला नाही.
शालिकभाऊनं अर्धे दिले, म्हणाला,
बाकीचे तुमच्याकडे आहेत म्हणे.

तुमच्याकडे.
मी ज्याचे धरून ठेवले होते
तो माणूस हा नव्हता.

घरी येऊन वही काढली,
शालिकला पकडायला.
चार मे. अक्षर माझंच.
"शा. म्हणतो उंबरा दोन इंच उचलू,
नाहीतर उतार कमी पडेल.
मी : नको. गुडघे. चालेल."

चालेल.
किती फायलींत हा शब्द मी धरला होता
आणि समासात विचारलं होतं,
कोणाच्या अधिकारात?

पान फाडता आलं असतं.
शिवणीची वही, एक फाडलं की
पलीकडचंही एक सुटून येतं. पण
ते कारण नव्हतं. खरं कारण
मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी त्यानं फोन उचलला.
"ऐका," म्हटलं, आणि ती ओळ वाचली.
पलीकडे बेसाच्या साइटवर कटर चालू होतं.
ते बंद झालं.
"मीबी जोर देऊन सांगाले पायजे होतं जी.
गिऱ्हाईक चालेल म्हणते,
तं आपल्यालेही बरंच वाटते. काम सरते."

टाइल माझ्या. मजुरी त्याची.
समारूचे आधी, त्याच्याच हातात.
सतरा फरश्या उखडल्या,
त्यांचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला,
एकेक. उंबरा दोन इंच वर आला.
शालिकनं दाराशी स्टीलचा दांडा ठोकून दिला,
गुडघ्यांसाठी. "हा नका लिहू," म्हणाला.
मी लिहिला. भावासकट.

बादली ओतली.
पाणी निघालं, जाळीत जाऊन वाजलं.
कोपऱ्यात तळहाताएवढं राहिलं.
आम्ही तिघांनी ते पाहिलं.
कोणी काही बोलेना.
माझ्या तोंडी तो शब्द आलाच होता.
"किती वेळ लागेल?" मी विचारलं.
"दिवस जाईल जी."

कूलर ओढत दारापर्यंत आणला.
वायर पुरत नव्हती.