वाकू नकोस

जुईली, आधी तेल लाव. केसांच्या मुळापर्यंत,
कानांच्या पाळ्यांना, नखांच्या कडांनाही.
अंबाडा नको, वेणीच घाल.
का, ते सांगते पुढे.

पुण्याहून आलीस, गर्दी पाहिली आहे म्हणतेस.
पाहिली असशील.
गेर टोरी कॉर्नरहून निघते तेव्हा माणसंच असतात,
मल्हारगंजापर्यंत एकमेकांना नावानं हाका मारतात.
गोराकुंडाला पोचेस्तोवर त्यांचं एकच जनावर होतं,
लाख पायांचं, डोकं नसलेलं.
टँकरवरून पाणी, तोफेतून गुलाल.
चार मजले वर जातो, आणि खाली उतरतो तेव्हा
भर बाराला खजुरी बाजारात तिन्हीसांज होते.
त्याच जनावराला सायरन ऐकू आला
की ते मधोमध फाटून अँब्युलन्सला वाट देतं.
हेही बघशील. यावर विसंबू नकोस.

तर ऐक.
मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी आतल्या खिशात.
माझा नंबर दंडावर लिहिते, बॉलपेननं. हलू नकोस.
चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही,
दोघी शोधायला लागल्या की दोघी हरवतात.
सराफ्याच्या तोंडाशी वागळ्यांचं घड्याळाचं दुकान,
ताडपत्रीनं झाकलेलं असेल, पण ओटा उंच आहे.
तिथं उभी राहा.
टँकरच्या चाकापाशी नाही.
भिंतीला चिकटून तर मुळीच नाही.
हात छातीपुढे, असे, ताट धरल्यासारखे.
श्वासाला वीतभर जागा लागते, ती आपणच राखायची.
लोट आला तर त्याच्याशी भांडू नकोस,
त्याच्यासोबत चाल, पण तिरकं, तिरकं, कडेकडे.
आणि चप्पल सुटली
तर सुटू दे.
वाकू नकोस.

हसतेस?
मी वाकले होते.
तुझ्याच वयाची. शिकवणीच्या पहिल्या पैशांची मोजडी,
उजव्या पायाची, एवढंच.
खाली गेले आणि वर आभाळ उरलं नाही.
गुडघे. गुडघ्यांमागे गुडघे.
नाव विचारलं असतं कुणी, तर सांगता आलं नसतं.
मोजडी मात्र हातात होती. ती सोडली नव्हती मी.

मग कुणीतरी वेणी धरली.
दंड नाही, बखोट नाही, वेणी.
विहिरीतला पोहरा शेंदावा तशी वर आले,
कळवळत, शिव्या देत.
‘झुकते नी हैं, बेन,’ एवढाच आवाज.
तोंड हिरवं, दात हिरवे, पापण्या हिरव्या,
आणि पुढच्या लोटात तेही गेलं.
बाई की पुरुष, शपथेवर नाही सांगता येणार.

तेव्हापासून रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी
बसमध्ये, भाजीवाल्यापाशी, पोह्यांच्या गाडीवर
ज्याच्या कानामागे हिरवा उरलेला दिसतो
त्याच्याकडे मी जरा जास्त वेळ बघते.
रामबागेत म्हणतात, बाई चांगली आहे, पण अशी बघते का?



साडेतीनला आली. एक पाय अनवाणी.
दंडावर नंबराचे शेवटचे तीन आकडे तेवढे शिल्लक.
‘वाकले नाही, आत्या,’ उंबऱ्यातूनच म्हणाली.
पोहे दिले. डाव्या हातानं खायला लागली.
उजवी मूठ मिटलेली.
उघड म्हटलं. उघडेना, बोटं आखडली होती.
कोमट पाण्यात धरून एकेक सोडवलं.
आत शर्टाचं बटण,
दोऱ्यासकट, आणि कापडाची चिंधी,
पांढरी असावी मुळात.

‘कुणाचं गं?’
‘काय माहीत. खाली होता.’
पुन्हा पोह्यांकडे वळली. शेव मागितली.
‘मग? वर आला?’
‘आला ना,’ घास गिळत म्हणाली,
‘शिव्या देत होता.’